बीजिंगचा हुकूम आणि प्रांतांचे पक्षसचिव

‘चीनमध्ये बीजिंगहून सकाळी हुकूम सुटला की संध्याकाळपर्यंत प्रत्येक प्रांतात अंमल होतो. तिथले प्रांतप्रमुख निमूटपणे ऐकतात, आणि चांगलं काम करणाराच वर चढतो. प्रगती झाली ती यामुळेच.’ व्हॉट्सॲपवर हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. चांगली शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

प्रगती हुकमाने झाली? डिसेंबर १९७८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने शेतीविषयक जो मसुदा मान्य केला, त्यात घरटी जमीन वाटून कसायला स्पष्ट मनाई होती. त्याच सुमारास आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १८ शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून जमीन वाटून घेतली. उघडकीस आलं असतं तर तुरुंगच होता. पण प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी अशा प्रयोगांना पाठीशी घातलं. पुढे तीच पद्धत देशभर गेली. बीजिंग मागून आलं. ग्वांगडोंगचंही तसंच: १९७९ मध्ये तिथल्या नेत्यांनी, म्हणजे शी जिनपिंग यांचे वडील शी चोंगशून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रांतासाठी जादा मोकळीक मागून घेतली. शेनझेनचं विशेष आर्थिक क्षेत्र त्यातूनच १९८० मध्ये उभं राहिलं.

निमूटपणे ऐकतात? १९९३ मध्ये एकूण महसुलात केंद्राचा वाटा जेमतेम २२ टक्के उरला होता. करवाटपाची नवी पद्धत आणण्यासाठी उपपंतप्रधान चू रोंगजी यांना महिनोन् महिने प्रांतोप्रांती फिरून घासाघीस करावी लागली. ग्वांगडोंग अडून बसलं: केंद्राकडून प्रांतांना मिळणाऱ्या परताव्याचा हिशेब १९९२ नव्हे, १९९३ च्या वसुलीवर करा. केंद्राने ते मान्य केलं. मग काय, वर्ष संपेपर्यंत प्रांतांनी धडाक्याने कर गोळा करून आपला आकडा फुगवून घेतला.

चांगलं काम करणारा वर चढतो, हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. प्रांताचा पक्षसचिव हा गव्हर्नरच्याही वरचा. त्याला जनता निवडत नाही, पक्षाचं केंद्र नेमतं. त्याची नजर वरच राहणार. जानेवारी २०२० मध्ये हुबेई प्रांतातल्या वुहान शहराच्या महापौरांनी सरकारी दूरचित्रवाणीवर सांगितलं, की वरून परवानगी मिळाल्याशिवाय कोविडच्या साथीची माहिती जाहीर करता येत नव्हती. पुढच्याच महिन्यात हुबेईचे पक्षसचिव बदलले गेले; तोवर विषाणू पार पसरला होता.

आणि सिच्वान प्रांत. माओंच्या ‘मोठी झेप’ मोहिमेच्या काळात तिथले पक्षप्रमुख ली चिंगच्वान यांनी प्रांतात लाखो माणसं उपाशी मरत असताना धान्य बाहेर पाठवणं चालूच ठेवलं. १९५८ मध्ये त्यांना पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांच्या मंडळात, घेतलं होतं. दुष्काळानंतरही त्यांचं पद गेलं नाही. उलट, संपूर्ण नैर्ऋत्य विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली.