पाहुण्यांना होएक्स्ट दाखवण्याची रीत

उन्हाळा लागला की फ्रँकफर्टमधल्या मराठी घरांत देशातून आई-बाबा, काका-काकू उतरतात आणि "इथलं काहीतरी जुनं दाखव की" अशी फर्माईश होते. शहरातलं जुनं गाव 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत गेलं; रोमरबर्ग चौकातली ती फोटोतली लाकडी घरं 1980 च्या दशकात पुन्हा उभारलेली, म्हणजे डोंबिवलीतल्या कित्येक सोसायट्यांपेक्षा नवी. मग उरतं माइन नदीकाठचं होएक्स्ट. 1928 साली फ्रँकफर्टनं ते पोटात घेतलं, युद्धात ते बरंचसं वाचलं.

रविवारी नेऊ नका. दुकानं कडेकोट बंद, आणि बाजाराशिवाय काकूंना गाव दिसतच नाही. मंगळवार, शुक्रवार, शनिवार सकाळी बाजार भरतो. पाच जणांपर्यंत एकच ग्रुप डे तिकीट काढा आणि मुख्य स्टेशनच्या तळघरातल्या फलाटावरून एस-1 किंवा एस-2 ही एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडा. काका हमखास वरच्या फलाटावर जाऊन उभे राहतात. "तपासायला कुणी नाही, मग तिकीट कशाला?" या प्रश्नाला 60 युरो दंड रुपयांत सांगावा. लगेच पटतं.

चपला घरी ठेवा. श्लॉसप्लात्झ या चौकातले दगड वरून गोलसर, त्यांत बोटभर फटी. काठीचं रबर तिथे बूच बसल्यासारखं बसतं आणि काठी वर येते ती रबराशिवाय. बाबागाडीची पुढची चाकंही अडकतात. ती उलटी ओढत न्या.

युस्टिनुस चर्च साधारण 850 चं. उघडण्याच्या वेळा आधी बघा, नाहीतर दाराचाच फोटो मिळतो. आत खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं दाखवेपर्यंत काका अंबरनाथचं शिवमंदिर काढतात. ते 1060 चं, त्यामुळे माघार. मग वेरूळ. कैलास लेणं आठव्या शतकातलं, सामना खिशात.

खरा भाव खाऊन जातो तो बोलोंगारो वाडा. बोलोंगारो हे इटालियन भाऊ, तपकिरीचे व्यापारी. फ्रँकफर्टनं नागरिकत्व दिलं नाही म्हणून 1770 च्या दशकात त्यांनी शेजारच्या होएक्स्टमध्ये हा अवाढव्य महाल ठोकला. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा सूड कळतो.

जेवण अडीचच्या आत मागवा, पुढे बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद असतात. शाकाहाऱ्यांना सात पाल्यांची ग्र्युने झोसे, म्हणजे हिरवं सॉस, सोबत उकडलेले बटाटे. अंडी नको हे आधीच सांगा. पाणी 'स्टिल' म्हणून मागा, नाहीतर सोडा येतो आणि आईला ढेकर. शौचालयासाठी सुटी नाणी आईकडेच द्या.

बाबा मुलुंडच्या होएक्स्टमधून, म्हणजे याच गावाचं नाव असलेल्या औषध कंपनीतून, रिटायर झालेले असतील तर कारखान्याच्या बाजूला न्यावंच लागतं. बारालगन या दुखण्यावरच्या गोळीच्या जुन्या पाकिटावरचा तो टॉवर आणि पूल म्हणजे वास्तुरचनाकार पेटर बेहरेन्सची 1924 ची इमारत. ती आता औद्योगिक वसाहतीत आहे. वाटेल तेव्हा आत सोडत नाहीत. गेटबाहेर बाबांचं युनियन, बोनस आणि कँटीन सुरू होतं. ठरवलेली एस-बान सोडून द्या. त्यानंतरचीही.