बावन्न तासांचे शिक्षण आणि दहा तासांचा विमा

अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक देशांत मुळे असलेल्या, समाजात मधुमेह इतका का पसरला आहे, असा विषय निघाला की त्यांच्या खाण्यापिण्याला आणि 'देवाच्या मनात असेल तसे होईल' या वृत्तीला दोष देऊन मोकळे होण्याची सवय अनेकांना लागलेली आहे. टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही मी हे ऐकले आहे. वास्तविक मधुमेहाच्या बाबतीत भारतीयांनी इतरांना उपदेश करावा अशी आपली स्थिती मुळीच नाही. या स्पष्टीकरणावर माझा आक्षेप आहे, आणि त्याचा आधार टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर असलेल्या स्टार काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) सापडतो.

स्टार काउंटीतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मेक्सिकन वंशाचे आहेत आणि अमेरिकेतील सर्वांत गरीब काउंट्यांमध्ये तिची गणना होते. गावाच्या हद्दीबाहेर, कधी नळाच्या पाण्याशिवाय तर कधी सांडपाण्याच्या सोयीशिवाय उभ्या राहिलेल्या 'कोलोनिया' नावाच्या वस्त्यांमध्ये येथील अनेक कुटुंबे राहतात. हंगाम आला की काही घरे शेतमजुरीसाठी उत्तरेकडे जातात, आणि त्या काळात रक्ततपासणी, औषधे व डॉक्टरांची भेट हे सगळेच विस्कळीत होते. संशोधक क्रेग हॅनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून येथील मधुमेहाचा अभ्यास केला. पुढे परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक शॅरन ब्राउन यांनी त्यांच्यासह जो शिक्षणक्रम राबवला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या शिक्षणक्रमात मधुमेह असलेल्या २५६ व्यक्तींना दोन गटांत विभागले होते. एका गटाला वर्षभरात ५२ तासांचे शिक्षण लगेच मिळाले, तर दुसऱ्या गटाला वर्षभर थांबावे लागले. पहिले तीन महिने दर आठवड्याला वर्ग असे. त्यात आहार, घरच्या घरी साखर तपासणे आणि व्यायाम यांची माहिती दिली जाई. त्यानंतरचे नऊ महिने, आधी पंधरवड्यातून आणि मग महिन्यातून एकदा, शिकलेले अंगवळणी पडावे म्हणून गटाच्या बैठका होत. शिकवणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि वस्तीतील कार्यकर्त्या स्वतः मेक्सिकन-अमेरिकन होत्या व स्पॅनिशमध्ये बोलत होत्या. वर्ग रुग्णालयात न भरता लोकांच्या जाण्यायेण्याच्या ठिकाणी, चर्चमध्ये आणि शाळांमध्ये भरत.

माझ्या मते या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रत्येक रुग्णाने आपल्यासोबत घरातील किंवा जवळची एक व्यक्ती आणावी, ही अपेक्षा. ज्या घरात तोर्तिया (पातळ मेक्सिकन पोळ्या), भात आणि घेवड्याची उसळ एकाच चुलीवर सर्वांसाठी शिजते, तेथे आजोबांसाठी वेगळे ताट वाढा, हा सल्ला दुसऱ्याच दिवशी निकालात निघतो. स्वयंपाक करणारी सून किंवा मुलगी समोर बसलेली असेल, तर तोर्तिया बंद करण्याऐवजी किती खायच्या आणि चरबी कुठे कमी करायची, यावर बोलता येते. सोबत आलेल्या मुलांना व भावंडांनाही मधुमेहाचा धोका असल्याने तेच शिक्षण त्यांच्याही उपयोगी पडते.

समजुतींचेही तसेच आहे. एखाद्या मोठ्या धसक्यामुळे साखरेचा आजार जडतो, असे मानणारे लोक या भागात पुष्कळ आहेत. इन्सुलिनने दृष्टी जाते, ही भीतीही खोलवर रुजलेली आहे, आणि तिच्यामागे प्रत्यक्ष अनुभव आहे. डोळ्यांची हानी होऊन गेल्यावर इन्सुलिन सुरू झाले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना इंजेक्शन आधी आणि अंधत्व नंतर, एवढेच दिसते. अशा माणसाला अज्ञानी म्हणून गप्प करता येईल, पण तो इन्सुलिन घेणार नाही. त्याच्याच वस्तीतील बाईने शांतपणे हा क्रम उलगडून सांगितला, तर निदान तो ऐकून तरी घेतो.

परिणामांविषयी मात्र अतिशयोक्ती नको. सहा महिन्यांनी शिकलेल्या गटाचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारे टक्केवारीतले माप, दुसऱ्या गटापेक्षा १.४ अंकांनी कमी होते. हा फरक मोठा आहे, तरीही त्या गटाची सरासरी १० टक्क्यांच्या वरच होती, म्हणजे धोका टळलेला नव्हता. विमा नसलेल्या लोकांचे प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक टेक्सासमध्ये आहे, आणि या राज्याने गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तार करण्यास नकार दिलेला आहे. शिक्षण डॉक्टरांची आणि औषधांची जागा घेऊ शकत नाही, आणि तसे भासवणाऱ्या राजकारण्यांपासून अशा कार्यक्रमांना वाचवले पाहिजे.

याच चमूने पुढे, २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २२ तासांचा आटोपशीर क्रम आणि ५२ तासांचा क्रम यांची तुलना केली. दोन्हींचा उपयोग झाला. निम्म्याहून अधिक वर्गांना हजर राहिलेल्यांमध्ये लहान क्रमाने एचबीए१सी ०.६ अंकांनी, तर मोठ्या क्रमाने १.७ अंकांनी उतरले. आता यासमोर ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेचा नियम ठेवून पाहा: मधुमेहाच्या शिक्षणासाठी पहिल्या वर्षी १० तास आणि नंतर दर वर्षी २ तास. 'लोक ऐकतच नाहीत' असे म्हणण्याआधी त्यांना सांगायला आपण वेळ किती दिला, हे मोजायला नको का?

राहिला प्रश्न वस्तीतील आरोग्य कार्यकर्तीचा, जिला तेथे 'प्रमोतोरा' म्हणतात. टेक्सासने १९९९ मध्येच कायदा करून त्यांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले, हे कौतुकास्पद आहे. पण त्यांच्यापैकी अनेकींचे मानधन मुदतीच्या अनुदानातून येते आणि अनुदान संपले की कामही संपते, मधुमेह मात्र रुग्णाला जन्मभर पुरतो. मानधनासाठी संपावर गेलेल्या आपल्या आशाताईंना हे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मेडिकेअरने २०२४ पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा कार्यकर्त्यांच्या काही सेवांचे पैसे देण्यास सुरुवात केली आहे, परंतु स्टार काउंटीतील चाळिशीच्या शेतमजुराला त्याचा लाभ क्वचितच मिळेल. प्रमोतोराचे पद काउंटीच्या आरोग्य खात्यात कायमचे, पगारी असावे आणि कुटुंबासह घेतलेल्या वर्गांचा खर्च मेडिकेडने उचलावा, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे. त्यासाठी लागणारा पैसा डायलिसिस आणि पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांवर आजही खर्च होतच आहे.