ती बारीक पांढरी गोळी

आज संध्याकाळी मेडिकलमध्ये भांडून आले. हात अजून थरथरतोय, म्हणून आल्या आल्या लिहायला बसलेय. शुद्धलेखन बघू नका.

सासऱ्यांची बीपीची गोळी आणायला गेले होते. माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते, पंचावन्नच्या आसपासचे. खोकून खोकून बेजार झाले होते. मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हीच द्या, दहा गोळ्या. मागच्या वेळी दोन दिवसांत मोकळं वाटलं होतं." कधीतरी कोणीतरी लिहून दिलेल्या चिठ्ठीचा फोटो. दुकानातल्या मुलाने तो बोटांनी मोठा करून पाहिला, मागे वळला, कात्रीने पट्टी कापली आणि कागदी पिशवीत घातली. विचारणं नाही, सांगणं नाही.

ती पट्टी मी झोपेतसुद्धा ओळखेन. तशीच एक पट्टी चार वर्षांपूर्वी माझ्या दादाच्या उशाशी होती.

मी म्हटलं, "काका, ही स्टिरॉइड आहे. ही अशी मनाने घ्यायची नसते." ते हसले. "अहो ताई, साधी खोकल्याची गोळी आहे." मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं काय ते सांगा." आणि मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काका पिशवी घेऊन निघून गेले.

जे मला जवळून ओळखतात त्यांना दादाचं माहीत आहे. बाकीच्यांसाठी आज सगळंच सांगते.

२०२१ चा एप्रिल. दादा एसटीत कंडक्टर. महिन्याच्या मध्याला करोना पॉझिटिव्ह आला. ताप, खोकला, अंगदुखी. ऑक्सिजन एकदाही ९६ च्या खाली गेला नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण दर दोन तासांनी वहीत आकडा मीच लिहीत होते. बेड मिळण्याचा प्रश्नच नव्हता आणि लागतही नव्हता. जवळच्या एका डॉक्टरांनी फोनवर औषधं सांगितली. त्यात ही गोळी होती, दुसऱ्याच दिवसापासून. आणि खरं सांगायचं तर जादू झाली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, दादा ताटावर बसला, दोन भाकऱ्या खाल्ल्या. आम्ही त्या डॉक्टरांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. गोळी पाच दिवसांची होती. दादाने वीस दिवस चालवली. थांबवा असं सांगायला पुन्हा कोणाचा फोन आला नाही, आणि मेडिकलवाला देत राहिला.

दादाची शुगर तीनेक वर्षं "थोडी बॉर्डरवर" होती. घरोघरी असते तशी. त्या वीस दिवसांत ती एकदाही तपासली नाही. त्याला सारखी तहान लागायची, रात्री पाच-सहा वेळा उठायचा. आम्हाला वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा. म्हणून मी, मी स्वतः, त्याला दिवसातून तीन वेळा ग्लुकोजचं पाणी आणि मोसंबीचा रस करून देत होते. हे लिहायला मला चार वर्षं लागली.

मग दाढ हलायला लागली. उजवीकडची, वरची. "गाल झोपल्यासारखा झालाय गं," म्हणायचा. डोकं एकाच बाजूने ठणकायचं. आम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी दाढ काढली. जखम भरेना. आठ दिवस गेले त्यात. त्या दाताच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, तेव्हा कोणाच्याच डोक्यात नव्हतं. पण ते आठ दिवस मला आजही रात्री जागं ठेवतात.

एका सकाळी उठला तर उजवी पापणी पडलेली. मला म्हणाला, "तू दोन-दोन दिसतेस."

मोठ्या दवाखान्यात बोटाला सुई टोचली, शुगर ४८०. कान-नाक-घशाच्या मॅडमनी नाकात दुर्बीण घातली, आतला काळा पडलेला तुकडा काढून तपासायला पाठवला. तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे धागे दिसले. म्युकर, म्हणजे म्युकरमायकोसिस, ज्याला तेव्हा सगळे काळी बुरशी म्हणत होते तो आजार. मॅडमनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की वरच्या जबड्याची उजवी बाजू काढावी लागेल आणि डोळ्याचं आत्ताच सांगता येणार नाही.

१९ मेला पहिलं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी केंद्राने सगळ्या राज्यांना कळवलं की या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची करा. डोळा आठवड्याने काढला.

आता जे लोक म्हणतात "ती काळी बुरशी ना, ती मास्क न धुतल्याने होते", त्यांनी नीट वाचा. ही बुरशी काळी नसतेच. काळं पडतं ते माणसाचं मांस. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरतो, त्या बंद पाडतो, पुढचा भाग रक्तावाचून मरतो आणि काळा पडतो. म्हणूनच नुसत्या औषधाने भागत नाही. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे सलाईनमधलं औषध कुठून पोहोचणार? मेलेलं कापूनच काढावं लागतं. या बुरशीचे कण मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात. तुम्ही आज दिवसभर ते श्वासातून घेतलेत, मीही घेतले. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात, आपल्याला कळतही नाही. पण रक्तात साखर तुंबलेली असेल आणि वरून स्टिरॉइडने त्या पेशी लुळ्या केल्या असतील, तर राखण कोण करणार? आपल्या देशात हा आजार करोनाच्या आधीपासूनच जगाच्या कितीतरी पट जास्त होता, कारण मधुमेह घरोघरी. २०२१ संपेपर्यंत देशात ५०,००० हून जास्त रुग्णांची नोंद झाली, आणि सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत.

आणि त्या काळात आपण काय करत होतो? कांद्यावरची काळी पुटं आणि फ्रीजच्या रबरावरची बुरशी म्हणजेच हा आजार, असे मेसेज पुढे ढकलत होतो. आमच्याच नात्यातल्या एकीने फोन करून विचारलं, "तुमच्याकडे फ्रीज पुसत नव्हते का गं?" वहिनी त्या दिवशी ओट्याशी उभी राहून रडली. शेजारी दादाच्या मुलींना खेळायला घेईनात. एका माणसाचा दुसऱ्याला होत नाही हो हा आजार! घरात दोन पोरी त्याच्या कुशीत झोपायच्या, त्यांना काही झालं का? मग पांढरी बुरशी, पिवळी बुरशी. टीव्हीवर रोज नवा रंग. एम्सच्या संचालकांना शेवटी सांगावं लागलं की बुरशीला रंगांची नावं देऊ नका.

इंजेक्शनचं काय सांगू. अँफोटेरिसिन, या बुरशीला मारणारं औषध. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज. दादा तेव्हा ६० किलो, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५०. म्हणजे रोज सहा कुप्या, आणि हे आठवडेच्या आठवडे. एकेक कुपी सहा-सात हजारांची, तीही मिळाली तर. जिल्ह्याला आलेला साठा दवाखान्यांना वाटून द्यायचे. कधी सहा मागितल्या तर दोन हातात पडायच्या. मी दोन जिल्हे पालथे घातले. चहाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात कुप्या आणल्यात मी, एसटीच्या मागच्या सीटवर बसून, मांडीवर थर्मास धरून, तान्हं मूल धरावं तसा. औषध चढायला लागलं की दादाला इतकी हुडहुडी भरायची की कॉट हलायची. दर दोन दिवसांनी किडनीची तपासणी, पोटॅशियमची तपासणी, कारण हे औषध बुरशीला मारतं तसं किडनीलाही सोडत नाही. मेच्या अखेरीस वर्ध्यातल्या एका कंपनीने हेच इंजेक्शन १२०० रुपयांत करायला घेतलं. १२ जूनला त्यावरचा कर शून्य झाला. चांगलं झालं, ज्यांना मिळालं त्यांचं भलं झालं. आमच्या वहिनीचे दागिने तोवर गेलेले होते.

हो, मान्य आहे, स्टिरॉइडने लाखो जीव वाचवले. ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांच्यासाठी ते अमृत होतं. पण ब्रिटनमधल्या ज्या मोठ्या अभ्यासातून हे कळलं, त्याच अभ्यासात, जून २०२० मध्येच, हेही दिसलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना याचा काही फायदा नाही. आणि डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ९६ ऑक्सिजन असलेल्या माझ्या दादाला वीस दिवस कशासाठी? हेही मान्य की स्टिरॉइड न घेतलेल्या काहींनाही म्युकर झाला, आणि घेतलेल्या बहुतेकांना झाला नाही. मग? तेवढ्यावर सोडून द्यायचं?

ते डॉक्टर दिवसाला दोनशे फोन घेत होते, हे मला माहीत आहे. त्यांच्याही घरी माणूस गेलं त्या लाटेत. माझा राग त्यांच्यावर होता, खूप होता. आता लिहिता लिहिता जाणवतंय की तो कधीतरी विरून गेलाय. तेव्हा सगळेच अंधारात चाचपडत होते. पण आज? आज कुठली लाट आहे? आज तर बोटाला सुई टोचायला दोन मिनिटं लागतात!

टाळूला भोक असलेला माणूस कसा जगतो, ते तुम्हाला माहीत नसेल. पाणी प्यायलं की नाकातून येतं. बोललेलं सगळं नाकातून निसटतं, शब्दाला आकारच येत नाही. आणि हा माणूस कंडक्टर! त्याची हाळी अख्ख्या स्टँडला ऐकू जायची. सहा महिने त्याने तोंड उघडलं नाही. मग दातांच्या कॉलेजात त्याच्या टाळूच्या मापाची प्लेट करून दिली. ती लावली की बोलणं पुष्कळसं सुटं येतं, वरणभात खाता येतो. आता डेपोत टेबलावरचं काम करतो. रात्री प्लेट काढतो, ब्रशने घासतो, स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवतो आणि वाटीवर झाकण ठेवतो, पोरींना दिसू नये म्हणून. पोरींना काही वाटत नाही. धाकटीला तर प्लेटशिवायचं त्याचं सगळं बोलणं कळतं, आम्हा कोणालाच कळत नाही. पाहुणे असले की ती शेजारी बसून सांगते, बाबा काय म्हणतायत ते.

तुमच्या घरात कोणी तापातून, कुठल्याही तापातून, उठत असेल आणि स्टिरॉइड चालू असेल, तर शुगर रोज बघा. चेहरा एका बाजूने दुखला, गाल बधिर झाला, दात हलला, नाकातून काळपट आलं, पापणी जड झाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. उद्यावर टाकू नका. आम्ही आठ दिवस टाकलं.

हे लिहिता लिहिता मध्येच उठून दादाला फोन केला. साडेनऊ वाजून गेले होते, प्लेट काढलेली. धाकटीने उचलला, स्पीकरवर टाकला. मी सगळं भांडण सांगितलं, तावातावाने. पलीकडून दादाचा तो घरंगळणारा आवाज आला, मला एक शब्द कळला नाही.

धाकटी म्हणाली, "आत्या, बाबा विचारतायत, त्या काकांची शुगर किती होती?"

मी विचारलंच नव्हतं. उद्या दुकान उघडायच्या वेळी जाते. रोजचं गिऱ्हाईक असेल तर त्या मुलाकडे त्यांचा नंबर असेल. आधी त्या मुलाची माफी मागावी लागेल.