‘जंगलाला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना

होळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच: वणवा ही निसर्गाचीच साफसफाई, लाखो वर्षं जंगल जळत आणि उगवत आलंय, मोठं अभयारण्य घोषित करा, माणसं बाहेर काढा आणि मग आत हात लावू नका, आग फारच वाढली तर उपग्रह आहेत, हेलिकॉप्टर आहेत. पाठवणारे बहुतेक जण जंगलावर जीव असणारे आहेत, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी ‘साफसफाई’. विदर्भातल्या सागाच्या जंगलात मार्चमध्ये चालून बघा. ताटाएवढी वाळकी पानं, पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज. ही पानं आपणहून पेट घेत नाहीत. बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलंय. पण आग कुठून सुरू झाली याचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा पायवाट, रस्त्याची कड, नाहीतर मोहाचं झाड लागतं. मोहफुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात, म्हणून बुंध्याभोवतीचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणूनही काडी लावली जाते. मोठा साग आणि मोह यातून वाचतात, जूनमध्ये सगळं हिरवं होतं आणि आपण म्हणतो, बघा, आलं की परत! गुडघ्याएवढी रोपं मात्र गेलेली असतात. रातवा जमिनीवरच अंडी घालतो, लाव्याचं घरटं गवताच्या बुडाशी असतं; त्यांच्या विणीवरून आग गेली की तो हंगाम बुडाला. दर उन्हाळ्यात हेच झालं, तर म्हाताऱ्या झाडांची जागा घ्यायला खाली काही उरत नाही.

त्यातून जंगल-जंगलांत फरक असतो. सागाची साल आग सोसते. गोव्याच्या सदाहरित पट्ट्यातल्या कितीतरी झाडांची सोसत नाही. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्य पेटलं, त्याच्या लगेच आधीचा फेब्रुवारी हा भारतात 1901 पासूनच्या तोवरच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. ओलाव्याची सवय असलेलं जंगल इतकं सुकतं, तेव्हा लाखो वर्षांचा दाखला तिथे चालत नाही.

आता हेलिकॉप्टर. म्हादईत नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, हे खरंच. उपग्रहावरून आगीची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर येते, हेही खरं. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर पावणेचारशे मीटरचा, त्यात आग नेमकी कुठे ते कळत नाही. तिथवर पायी जाणारा असतो हंगामी फायर वॉचर, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारा मजूर, हातात हिरवी डहाळी, फार तर पाठीवर पाचोळा उडवणारा ब्लोअर. 8 एप्रिल 2021 ला नागझिऱ्यात अशीच आग विझवताना तीन मजूर होरपळून गेले. हेलिकॉप्टरचे फोटो पुढे पाठवताना ही बातमी कुणी जोडत नाही.

खरं काम आगीच्या आधीचं असतं, आणि ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना नेमकं तेच दिसत नाही. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून राखलेला ठरावीक रुंदीचा पट्टा, त्यातलं गवत कापून, वाळवून, थंडी सरता सरता नीट लक्ष ठेवून जाळायचं. पण सागाची पानं नंतरही गळतच राहतात. आज साफ केलेली रेषा आठवड्याभरात पुन्हा झाकते, पुन्हा ब्लोअर फिरवावा लागतो. महाराष्ट्रात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतात. फेब्रुवारीच एप्रिलसारखा तापू लागला, तर जाळरेषा आणि मजुरांच्या नेमणुका दोन्ही आधी सरकायला हव्यात. संरक्षित क्षेत्राच्या आराखड्यात हे तारखांसकट लिहायचं असतं.

‘माणसं बाहेर काढा’ला सगळ्यात चांगलं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं. 2012 मध्ये ग्रामसभेला हजारभर हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उत्पन्नासाठी त्यांनी बांबू धरला आणि तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून बंद केलं. फांद्या तुटतात, आगी लागतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुनर्वसन कुठेच करू नये, असं मी म्हणत नाही. पण गाव उठलं तरी मोहफुलं वेचायला माणूस येणारच, फक्त आता चोरून येईल आणि आग दिसली तरी सांगायला थांबणार नाही. त्यापेक्षा झाडाखाली जाळी नाहीतर जुनी साडी अंथरली की फुलं अलगद गोळा होतात आणि काडी लागतच नाही.

‘मोठं क्षेत्र घोषित करा’बद्दल थोडक्यात. सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, हद्दीत गावंच्या गावं आणि शेतं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. उलट यवतमाळचं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथला एक तरुण वाघ जून 2019 मध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. जंगल जळलं, पाणवठे आटले की जनावरांना असंच निघावं लागतं. ती वाट हद्दीच्या बाहेर असते, आणि नकाशात तिला बहुधा रंगही दिलेला नसतो. सह्याद्रीत तिळारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, विशाळगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं 2020-21 च्या सुमारास जाहीर झाली ती याच विचाराने: चांदोली-कोयनेपासून गोवा-कर्नाटकच्या जंगलापर्यंत साखळी तुटू नये. छोटे तुकडे आहेत, पण जागा बरोबर निवडल्यात.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात अर्धी खरी आहे: आग नेहमीच शत्रू नसते. काझीरंगात गवताळ पट्टे दर वर्षी मुद्दाम जाळतात. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा आदिवासी हंगामाच्या सुरुवातीलाच, पाचोळा थोडा असताना, मंद आग फिरवत. 1974 मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे ती बंद पडली. तिथे टणटणी (घाणेरी, हे बाहेरून आलेलं झुडूप) माजली, आणि जुनी आग थांबल्यामुळेच ती माजली, असं सोलिगा सांगतात. म्हणजे तिथे ‘हात लावू नका’ अक्षरशः करून झालंय. आता टणटणीच्या त्या वाळक्या जाळीत उन्हाळ्यात आग शिरली, तर ती मंद राहत नाही.