‘झोपून महिन्याला हजार डॉलर’: प्लाझ्माच्या मेसेजमध्ये काय खरं, काय खोटं

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव भाग, पैसे देऊन घेणाऱ्या सेंटरवर आठवड्यातून दोनदा तासभर पडून राहायचं, महिन्याला हजार डॉलर सुटतात. रक्त जात नाही, नुसतं पिवळं पाणी जातं आणि ते दोन दिवसांत भरून येतं. सरकारनेच आठवड्याला दोनदा परवानगी दिली आहे, म्हणजे धोका नाही. शिवाय हे ‘दान’ असल्यामुळे ना कर, ना व्हिसाची भानगड. शेवटी एक पुस्ती: आता भारतातही असे पैसे मिळतात.

प्लाझ्मा देण्याला आमचा विरोध नाही. हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना लागणारे फॅक्टर, अल्ब्युमिन हे प्रथिन, इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) ही औषधं त्यातूनच बनतात. जन्मतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला सुमारे 130 वेळचा प्लाझ्मा लागतो, आणि जगात औषधांसाठी जमा होणाऱ्या प्लाझ्मापैकी जवळपास दोन तृतीयांश एकट्या अमेरिकेतून येतो. पण घरच्यांपासून हजारो मैल दूर असलेल्या विद्यार्थ्याला अर्धवट माहितीवर त्या खाटेवर पाठवणं चूक आहे.

‘महिन्याला हजार डॉलर’

हा जाहिरातीतला आकडा आहे. नव्या दात्याला पहिल्या काही खेपांना बोनस देतात, तो धरून पहिल्या महिन्याची बेरीज मोठी दिसते. पुढे दर उतरतो. तो शहरानुसार, सेंटरनुसार आणि तुमच्या वजनानुसार बदलतो, कारण किती प्लाझ्मा काढायचा हे वजनावर ठरतं. पैसे बहुधा प्रीपेड कार्डावर येतात. त्या कार्डाचं एटीएम शुल्क आधी वाचून घ्या.

शिवाय प्रत्येक खेप पूर्ण होईलच असं नाही. दर वेळी बोटाला सुई टोचून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि एकूण प्रथिनं तपासतात. हिमॅटोक्रिट बायकांना किमान 38 टक्के, पुरुषांना 39 टक्के लागतं, आणि प्रथिनं 6 ते 9 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या मध्ये. नाडी मिनिटाला 50 ते 100. घाईघाईत कॉफी पिऊन चालत आलात आणि नाडी 104 भरली, तर थोडा वेळ बसवून पुन्हा मोजतात. तरी उतरली नाही तर घरी. बससाठी दिलेले पैसे आणि गेलेला वेळ कोणी भरून देत नाही.

‘तासभर पडून राहायचं’

पहिल्या दिवशी किमान दोन तास हाताशी ठेवा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बहुतेक ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकार देतं तो ओळख क्रमांक) लागतो. कॅम्पसवर नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याकडे तो नसतोच, तेव्हा आधी फोन करून विचारा. मग आजार, औषधं, प्रवास, टॅटू यांची लांबलचक प्रश्नावली, शारीरिक तपासणी आणि दोन्ही हातांच्या शिरा पाहणं. वजन 110 पौंड, म्हणजे 50 किलोच्या आत असेल तर तिथेच थांबवतात. आपल्याकडच्या कित्येक मुली इथेच अडतात.

नंतरच्या खेपांना एक ते दीड तास धरावा. सुई नेहमीच्या रक्ततपासणीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते. यंत्र रक्त ओढतं, गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करतं आणि तांबड्या पेशी त्याच सुईतून परत पाठवतं. ओढणं आणि परत पाठवणं असं आलटूनपालटून कैक वेळा चालतं. ओढताना मूठ आवळायची, परतताना सैल सोडायची. परतीच्या वेळी मूठ आवळली की दाब वाढतो, यंत्र ओरडतं, आणि सुई शिरेबाहेर सरकली असेल तर कोपराच्या खाचेत फुगवटा येतो. जळजळ किंवा टोचणारी वेदना जाणवली की लगेच सांगायचं. ‘थोडंच उरलंय’ म्हणून दात आवळून बसलात, तर आठवडाभर हात काळानिळा घेऊन फिराल.

‘रक्त जात नाही, नुसतं पाणी जातं’

प्लाझ्मात सुमारे 90 टक्के पाणी असतं हे खरं. पण कंपनीला हवी असतात ती उरलेली प्रथिनं. अमेरिकेच्या जुन्या वजनतक्त्याप्रमाणे एका खेपेला 625 ते 800 मिली प्लाझ्मा निघतो. नव्या यंत्रांत उंची आणि हिमॅटोक्रिटही धरून प्रत्येकाचा वेगळा आकडा काढतात. 625 मिलीत साधारण 40 ते 45 ग्रॅम प्रथिनं जातात. वाटीभर वरणात सातेक ग्रॅम मिळतात, आता हिशोब करा. म्हणून डाळ-भात आणि मॅगीवर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रथिनांचा आकडा काही आठवड्यांत 6 च्या खाली येऊ शकतो. आदल्या दिवसापासून अंडी, पनीर, उसळ, चिकन असं काहीतरी पोटात हवं आणि पाणी भरपूर. मात्र पिझ्झा, वडे असलं तेलकट खाऊन गेलात तर प्लाझ्मा दुधाळ निघतो आणि ती पिशवी बाद होऊ शकते.

तांबड्या पेशीही थोड्या जातात: नळ्यांत उरतात, तपासणीच्या नमुन्यांत जातात. यंत्र मध्येच बंद पडलं तर भांड्यातलं रक्त परत मिळत नाही. एका वेळी 200 मिली किंवा त्याहून जास्त तांबड्या पेशी गेल्या, तर 8 आठवडे थांबावं लागतं.

मेसेजमध्ये सायट्रेटचा उल्लेखही नाही. रक्त नळीत गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट मिसळतात. परतीच्या रक्ताबरोबर ते थोडं शरीरात येतं आणि रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. आधी ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटांच्या टोकांना, तोंडाला धातूची चव लागते, थंडी वाजते. त्याच क्षणी सांगितलं तर परतीचा वेग कमी करतात, काही ठिकाणी चघळायला कॅल्शियमची गोळी देतात, आणि बहुतेकांना तेवढ्यावर बरं वाटतं. गप्प राहिलात तर हातांत गोळे येण्यापर्यंत मजल जाते.

‘सरकारने परवानगी दिली, म्हणजे धोका नाही’

नियम असा आहे: दोन खेपांमध्ये किमान 48 तास आणि 7 दिवसांत जास्तीत जास्त दोनदा. म्हणजे वर्षाला शंभरावर खेपा. ही कमाल मर्यादा आहे, आरोग्याचा सल्ला नव्हे. जर्मनीतही प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे मिळतात, पण तिथे वर्षाला 60 खेपांची मर्यादा आहे.

दोन दिवसांत भरून येतो तो द्रवाचा भाग. संसर्गाशी लढणाऱ्या आयजीजी प्रतिपिंडांचं अर्धायुष्यच (ती निम्मी व्हायला लागणारा काळ) सुमारे तीन आठवडे असतं. ती इतक्या लवकर पूर्ववत होत नाहीत. सतत देणाऱ्यांमध्ये त्यांची पातळी खाली राहते. म्हणूनच नियमाप्रमाणे दर चार महिन्यांनी प्रथिनांची सविस्तर तपासणी करावी लागते. तिचा आकडा मागून घ्या आणि लिहून ठेवा. वारंवार सर्दी-ताप, थकवा, चक्कर असं काही सुरू झालं तर कार्डावर बोनस येणार असला तरी थांबा. परीक्षेच्या आठवड्यात तर जाऊच नका.

‘दान आहे, म्हणून कर नाही आणि व्हिसाची अडचण नाही’

कराबाबत हा दावा सरळ चुकीचा आहे. प्लाझ्मा विकून मिळालेली रक्कम करपात्र उत्पन्न आहे, असं अमेरिकेच्या टॅक्स कोर्टाने 1980 मध्येच ठरवलं. सेंटरने कुठला फॉर्म पाठवला नाही म्हणून रक्कम करमुक्त होत नाही.

व्हिसाचा प्रश्न नाजूक आहे. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सीमा विभागाने मेक्सिकोतून पर्यटक-व्यापारी व्हिसावर येऊन प्लाझ्मा देणाऱ्यांना रोखलं. पैशांसाठी प्लाझ्मा देणं म्हणजे मजुरी, असं त्यांचं म्हणणं होतं. 2022 मध्ये संघीय न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. हा वाद एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा नव्हता, पण ‘दान’ हा शब्द ढाल म्हणून पुरत नाही हे त्यातून दिसतं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

‘भारतातही पैसे मिळतात’

मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे.  पुण्या-मुंबईत कोणी ‘प्लाझ्मा द्या, रोख घ्या’ म्हणत असेल, तर रक्तपेढ्यांना परवाना देणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.