धोट्याला चावलेली कवळी

मोठीमायची, म्हणजे माझ्या थोरल्या काकूची, कवळी धोट्याला चिकटली तो दिवस शनिवार होता, म्हणून मी घरी सापडलो. एरवी मी भंडाऱ्याला ऑफिसात असतो आणि हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंच नसतं.

मागाच्या खोलीतून "ऊं ऊं" असा आवाज आला. धावत गेलो. मोठीमाय मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली आणि दोन्ही हातांनी धोटा तोंडाशी धरलेला, भुट्टा खावा तसा. फरक इतकाच की भुट्टा खाताना दात माणसाच्या तोंडात असतात. इथे वरची पंगत सबंधच्या सबंध धोट्याला लागून बाहेर आली होती आणि मोठीमाय त्या दोघांची फारकत करायला धडपडत होती.

"भोक बारीक झालं गा बाबू," ती बोळक्या तोंडानं म्हणाली.

बाजेवरून मोठेबाबा ओरडले, "धोट्याले दात कायले दाखवून रायली? तो का सोयरा आहे?"

तर हकीकत अशी. आमचं गाव मोहाडी तालुक्यात, आंधळगावच्या जवळ. आंधळगावच्या नावावर जाऊ नका. तिथली आणि आमच्याकडची कोष्ट्यांची जुनी माणसं कोशाच्या तारेतली गाठ दिवा न लावता शोधतात. कोसा म्हणजे टसर. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या जंगलात ऐनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याचा, मधाच्या रंगाचा, हट्टी स्वभावाचा धागा. मोठेबाबा साठ वर्षं हा धागा विणत आले. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही म्हणून बजावलं. मागावर साडी अर्धी चढलेली, व्यापाऱ्याची तारीख ठरलेली. म्हणून मोठीमाय मागावर बसली. आणि तिची कवळी पंधरा दिवसांपूर्वीच आली होती.

ज्यांनी धोटा हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दीड वीत लांबीची लाकडी होडी समजा, दोन्ही टोकांना लोखंडी चोची. होडीचं पोट कोरलेलं. त्या पोटात धागा भरलेली कांडी बसते. कांडीचा धागा पोटातून पुढच्या भिंतीकडे जातो आणि बाजूच्या एका भोकातून बाहेर पडतो. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, त्याला आतून चिनीमातीचं कडं, म्हणजे धागा घासून लाकूड कापलं जाऊ नये. हे भोक आतल्या बाजूनं अशा कोपऱ्यात आहे की तिथे बोट पोचत नाही, नजर पोचत नाही आणि सुई पोचली तर वळत नाही. आमच्या मागावर एक कांडी सहा-सात मिनिटं चालते. म्हणजे दिवसातून साठ-सत्तर वेळा ते भोक समोर येऊन उभं राहतं. आजोबा करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीचे दाते असलेली साडी, विणायचे. त्यात दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे. तीन धोटे म्हणजे तीन भोकं. आजोबा शांत स्वभावाचे होते असं घरात सांगतात. मला ते आता खरं वाटत नाही.

या भोकावर विणकराचा उपाय एकच. धाग्याचं टोक भोकाजवळ न्यायचं, बाहेरून ओठ लावायचे आणि सुर्रर् करून ओढायचं. धागा तोंडात. अर्ध्या सेकंदाचं काम. पण त्याला गालफडं घट्ट लागतात. कवळी घातली की हवा बाजूनं गळते. जास्त जोर लावला की कवळीच निघते.

"कवळी काढून ओढ ना," मी म्हटलं.

"काढली का ओठ आत जातेत," मोठीमाय म्हणाली. "भोक भाईर रायते न मी आतच."

मोठेबाबांनी बाजेवरूनच निकाल दिला. "तू इंजिनेर आहेस ना? मंग कर ना काई."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे, त्याला आता चोवीस वर्षं झाली. त्यातली तेवीस मी फायलींना पंच मारण्यात घालवली. पण घरात एकदा इंजिनिअर म्हटलं की मिक्सरपासून मोतीबिंदूपर्यंत सगळं आपल्याकडेच येतं.

पहिला उपाय क्रोशाची सुई. खरं सांगायचं तर हा उपाय बरोबर होता आणि इथेच थांबायला हवं होतं. सुई बाहेरून घालायची, धागा अडकवायचा, ओढायचा. झालं. फक्त ती सुई एका दिवसात चारदा खड्ड्यात पडली आणि मोठीमाय चारदा खड्ड्यात उतरली. पाचव्यांदा ती कुठे पडली हे अजून कळलेलं नाही.

मग मला पंपाची आठवण झाली. सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर उलटं बसवलं तर पंप हवा सोडायच्या ऐवजी ओढतो, हे लहानपणापासून ठाऊक होतं. वायसर उलटं केलं, नळी भोकाला लावली, दांडा ओढला. धागा गेला! टाळ्या वाजवायला मी पंप खाली ठेवला तेव्हा दिसलं की टोकाबरोबर कांडीवरचा हातभर धागासुद्धा पंपात शिरलाय. तो हळूच बाहेर काढला. पंपातलं वीस वर्षांचं वंगण घेऊन तो आला. घाईत तसाच विणला गेला आणि मधाच्या रंगाच्या साडीवर काळी रेघ उमटली.

"नवा काठ काढला का?" मोठेबाबांनी काळ्या चष्म्यातून विचारलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं याचा तो पहिला पुरावा.

रात्री मी वाचायला बसलो. वाचून जरा बरं वाटलं, कारण या भोकानं आमच्या आधी पुष्कळांना छळलेलं आहे. दोरीच्या झटक्यानं धोटा धावण्याची युक्ती इंग्लंडात जॉन के यानं १७३३ साली काढली. विणणं भरभर होऊ लागलं, म्हणजे कांडीही भरभर संपू लागली आणि भोकाशी गाठही भरभर पडू लागली. लँकेशायरच्या गिरण्यांत बाया दिवसभर असंच तोंडानं धागा ओढायच्या. एकाच धोट्याला आज ही, उद्या ती. धाग्याबरोबर खळ, रंग, धूळ आणि आधीचीचा खोकला फुकट. तिकडच्यांनी त्या धोट्याला नाव ठेवलं होतं, मुका घ्यायचा धोटा. पुढे पुढे तर मरणाचा मुका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं त्याच्यावर १९११ मध्ये बंदी घातली. खुद्द इंग्लंडात तसा नियम यायला १९५२ उजाडलं. म्हणजे इंग्रज आपल्याकडून निघून गेले, त्यानंतर पाच वर्षांनी त्यांना स्वतःच्या घरचं भोक दिसलं.

सकाळी हे मोठेबाबांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"साठ वरसं झाली, रोजचे साठ मुके," ते म्हणाले. "एवढे तं तुया मोठीमायचे..."

"चूप बसा," मोठीमाय म्हणाली. कवळी त्या वेळी तोंडात होती, त्यामुळे शब्द स्पष्ट आले.

पण वाचनात एक घातक गोष्ट मला सापडली होती. नॉर्थ्रॉप म्हणून एक इंग्रज अमेरिकेत गेला. त्यानं १८९० च्या दशकात असा माग बसवला की चालता चालता रिकामी कांडी आपोआप बदलते. कांडी आपोआप बदलायची तर धागाही आपोआप ओवला गेला पाहिजे, नाहीतर उपयोग काय? म्हणून त्याच्या धोट्याला भोकापर्यंत जाणारी फट होती. धागा वरून फटीत पडतो आणि सरकत भोकात जातो. चित्र पाहिलं आणि मला वाटलं, बस्स! एवढंच? फट तर आपणही पाडू.

जुना एक धोटा पेटीतून काढला. आतून फार घाण होता. पोटाच्या भिंतींना केसाळ काहीतरी चिकटलेलं, उंदराचं घर असावं असं. पॉलिश पेपर घेऊन मी ते आधी स्वच्छ घासून काढलं. मग सुताराकडे गेलो आणि हॅक्सॉनं वरून भोकापर्यंत तिरपी फट पाडायला सांगितली.

सुतारानं धोटा फिरवून पाहिला. "भोकाले दरवाजा काढून रायलास का?"

"हो. धागा आपोआप आत जाईल."

"दरवाजा असला का आत येनारा भाईर पन जाते, भाऊ."

मी त्याला नॉर्थ्रॉपचं नाव सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि वीस रुपये घेतले.

फटीतून धागा आत जाताना पाहणं हे एक सुख होतं. मोठीमायनं नुसता वरून आडवा धरला आणि तो घसरत भोकात जाऊन बसला. तिनं दोरी ओढली. एक फेरा. दोन फेरे. तिसऱ्याला मी मनातल्या मनात पेटंटचा अर्ज भरला. चौथ्याला धागा फटीतून बाहेर आला, फटीच्या कुसळाला ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या, तारा अडकल्या, आणि धोटा मागातून सुटून उंबऱ्याजवळ दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या शेपटीला चाटून गेला. कोंबडीनं पुढे तीन दिवस अंडं दिलं नाही. ताण्याच्या सत्तावीस तारा तुटल्या होत्या.

डॉक्टरांनी वाकू नका म्हटलेले मोठेबाबा उठले. काळा चष्मा तसाच, मान ताठ. राखेत बोट बुडवायचं, दोन टोकं चिमटीत धरायची, वळायची, सोडायची. ते पाहत नव्हतेच. पहिल्या दहा तारांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. अकराव्या तारेला त्यांनी उरलेल्या हातानं तो धोटा उचलला आणि पोटात अंगठा फिरवला.

"आतलं कातडं कोठं गेलं?"

"कोणतं कातडं?"

"बकरीचं. माह्या बापानं लावलं होतं."

मला उंदराचं घर आठवलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. धोटा धावतो तेव्हा धागा कांडीच्या टोकावरून सरळ निघत नाही. तो गरगर फिरतो, पोरी दोरीवर उड्या मारतात तशी त्याची फुगीर वळसेबाज दोरी होते. ती दोरी धोट्याच्या पोटात नाचते आणि मिळेल त्या फटीतून उडी मारते. केसाळ कातडं तिला आवरतं. कोशासारख्या धाग्याला तर ते हवंच. म्हणजे मी दरवाजा उघडला आणि चौकीदारालाही त्याच दिवशी नोकरीवरून काढलं.

खरं तर मला धीर यायला हवा होता. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी अशा: आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वीस वर्षं टिकावा, बाईमाणसाला घरात बसून चालवता यावा. त्या काळातला एक लाख! तरी बक्षीस कुणाच्याच पदरात पडलं नाही. मग वीस रुपयांत मी काय करणार होतो? माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे. सूत कातणाऱ्यासाठी एक लाख आणि ते सूत भोकातून ओढणाऱ्याच्या तोंडासाठी काहीच नाही? अर्थात बक्षीस असतं तर मी कोंबडीच्या नुकसानभरपाईसकट अर्ज केला असता.

पुढच्या शनिवारी मी हिचा नवा दात घासायचा ब्रश कापला. त्याचे केस पट्टी करून धोट्याच्या पोटात चिकटवले. फट एम-सीलनं बुजवली. (हिनं दुसऱ्या दिवशी बोटानं दात घासले आणि माझ्याशी बोटाच्याच भाषेत बोलली.) मग सायकलच्या चाकाची तार घेतली, पक्कडीनं तिला डुकराच्या शेपटीसारखा दीड वेढा दिला आणि तिचं टोक भोकाच्या तोंडाशी आतून बसवलं. धागा वेढ्यावरून एकदा फिरवला की तो आपसूक मधोमध जातो, आणि बाहेर पडायला त्याला उलटा वेढा घ्यावा लागतो. तेवढं डोकं धाग्याला नसतं. तो भोकासमोर आला की नखानं पुढे ढकलायचा, बस्स.

चाललं! दहा फेरे, पन्नास फेरे, अख्खी कांडी. मोठीमायनं दुसरी भरली, तीही चालली. तिसऱ्या कांडीला धागा शेपटीतून सुळ्ळकन सुटला. चौथी चालली, पाचवीला पुन्हा तेच. मी डोकं धरून बसलो. एम-सील खरवडलं, शेपूट वाकवली, सरळ केली. शेवटी पाणी प्यायला ओसरीवर आलो तेव्हा पुतणी रहाटावर कांड्या भरताना दिसली. रहाटाची माळ सारखी निसटते म्हणून तिनं ती मधे पीळ देऊन, आठाच्या आकड्यासारखी घातली होती. माळ आडवी म्हणजे चाती (कांडी फिरवणारी सळई) उलटी. चाती उलटी म्हणजे धागा कांडीवर उलटा, आणि उलट्या कांडीचा धागा धोट्यात उलटा गरगरतो. माझी शेपूट सुलट्यासाठी वळलेली होती. मोठीमायच्या कांड्या चालत होत्या, पुतणीच्या सुटत होत्या. नॉर्थ्रॉपला पुतणी होती की नाही ते कळायला मार्ग नाही.

माळ सरळ घातली. साडी तारखेच्या दोन दिवस आधी उतरली. व्यापाऱ्यानं काळ्या रेघेचे पैसे कापले.

महिना झाला, काळा चष्मा गेला, मोठेबाबा मागावर बसले. मी मुद्दाम सुट्टी टाकून समोर उभा राहिलो. त्यांनी माझा धोटा घेतला, आत कांडी बसवली, धागा वेढ्याजवळ नेला आणि साठ वर्षांच्या सवयीनं धोटा सरळ ओठांशी नेऊन सुर्रर् केलं. भोकातून तारेचं टोक बाहेर डोकावत होतं, ते घासायचं माझ्याकडून राहिलं होतं.

"अगाई गा!"

खालच्या ओठाला चांगलं लागलं. मोठीमायनं हळद लावली. ती लावताना हसत होती आणि कवळी पदरात धरली होती. मी कानस घेऊन टोक घासलं आणि न बोलता भंडाऱ्याला निघून आलो.

पुढच्या आठवड्यात घरी गेलो तर माग खटखट चालू होता. आत डोकावलो. मोठेबाबांनी कांडी बदलली, धागा शेपटीवरून फिरवला, नखानं ढकलला, दोरी ओढली. तोंड लांबच. पुन्हा एक कांडी, पुन्हा तसंच. मला भरून आलं.

"जमलं ना मग, मोठेबाबा?"

त्यांनी मान वर केली. ओठावर अजून खपली होती.

"फोड आहे तोंडाले," ते म्हणाले. "बरा झाला का मंग पाहू."