विजयाच्या आधीचे आणि नंतरचे

आइसलँडच्या माजी राष्ट्राध्यक्षा व्हिग्दिस फिन्बोगादोत्तिर यांच्यावरील एक लेख वाचला. तो १९८० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील त्यांच्या विजयापाशीच रेंगाळतो; पण २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरचे-बाहेरचे काम एकदम थांबवले नसते, तर दत्तक मुलीला एकटीने वाढवणारी ही नाट्यसंस्थेची संचालिका तीन पुरुषांविरुद्ध उभी तरी राहिली असती का, हा प्रश्न त्यात यायला हवा होता. मते जेमतेम एक तृतीयांश मिळाली होती. (पदावर मात्र त्या १६ वर्षे राहिल्या!) मला त्यांचे वृक्षारोपण अधिक बोलके वाटते: देशभर फिरताना त्या तीन रोपे लावत, एक मुलींसाठी, एक मुलग्यांसाठी आणि तिसरे अजून जन्माला यायच्या मुलांसाठी. कार्यकारी अधिकार फारसे नसलेल्या त्या पदाला वजन आले ते अशा कृतींमुळेच.